ठोंबऱ्यांना टिळकांच्या घरात काय मिळालं?

नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं तुम्ही पाहिलंच असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सेल्फी काढून झाला असेल, तर तिथूनच भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव आणि मग भादली हे छोटं स्टेशन. या एका रुळावर एका माणसाचं बरंचसं आयुष्य येऊन जातं. धरणगावला जन्म, १३ ऑगस्ट १८९०. पोरवयातला काही काळ नवापूरला. मृत्यू भादलीला, रेल्वेखाली, ५ मे १९१८. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. शाळेत तुम्ही त्यांना ‘बालकवी’ म्हणून शिकलात. ‘फुलराणी’ पाठ केली, ‘औदुंबर’वर संदर्भासह स्पष्टीकरण लिहिलं आणि सुटलात.

मग आज तेच परत कशाला? कारण हे पान वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी अलीकडेच मानसोपचारतज्ज्ञांच्या समोर बसून आलंय. वय एकोणीस, बावीस, कदाचित सव्वीस. हातात एक कागद आहे. त्यावर एडीएचडी लिहिलंय, किंवा ऑटिझम, किंवा दोन्ही. (दोन्ही एकत्र असू शकतं हे डॉक्टरांच्या पुस्तकानं मान्य केलं तेच २०१३ साली.) कागद घेऊन घरी आल्यावर पुढे काय, हे मात्र त्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते या ‘पुढे काय’चं थोडं उत्तर ठोंबऱ्यांच्या आयुष्यात आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बालकवींना अमुक होतं, असं मी म्हणत नाहीये. निदान करायला माणूस समोर लागतो. त्याचं लहानपण कसं गेलं हे सांगणारी आई किंवा बहीण लागते, तासभर बोलणं लागतं. कवितांवरून ते होत नाही. गेलेल्या थोर माणसांना एकेक लेबल चिकटवत सुटायची आज इंटरनेटवर जी फॅशन आहे, ती मला पटत नाही. शिवाय त्या काळी हे शब्दच नव्हते. चंचल, लक्ष न टिकणाऱ्या मुलांविषयी लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी व्याख्यानं दिली ती १९०२ मध्ये. ठोंबरे तेव्हा शाळकरी पोर होते. ऑटिझमचं आजच्या अर्थानं वर्णन करणारे सुखारेवा आणि कॅनर यांचे लेख आले तोवर ठोंबऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे त्यांना काय ‘होतं’ हे सोडून देऊ. त्यांच्याभोवतीची माणसं त्यांच्याशी कशी वागली, हे मात्र बघता येतं.

वडील पोलीस खात्यात. बदली झाली की बिऱ्हाड हललं. एका गावची शाळा अंगवळणी पडते तोवर दुसरं गाव. शिक्षण असं तुकड्यातुकड्यांनी झालं आणि इंग्रजी शाळा अर्ध्यावरच सुटली. आजच्या भाषेत ‘ड्रॉपआउट’. पण घरात थोरली बहीण होती, जिजी. तिला जुन्या कवितेची गोडी होती आणि ती त्र्यंबकला लागली. नवापूरच्या मुक्कामात, बारा-तेरा वर्षांचा असताना, तो कविता करायला लागला असं चरित्रकार सांगतात. हा मुलूख, त्यातला पावसाळा, ओढे, झाडी. ज्या मुलाचं मन वर्गात रमत नव्हतं ते इथे तासन्तास रमत होतं.

मग आलं १९०७. जळगावला महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव तिथेच पडलं. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. फुलामुलांचे कवी म्हणून गाजलेले. त्यांनी हा मुलगा हेरला, आणि पुढे ठोंबरे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहायला गेले.

इथे जरा थांबतो, कारण मला सांगायचंय ते याच घरात आहे.

टिळक मूळचे चित्पावन ब्राह्मण. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाई पाचेक वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्याही नवऱ्याकडे आल्या आणि ख्रिस्ती झाल्या. अशा घरात एका ब्राह्मण पोरानं जाऊन राहायचं, जेवायचं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. गावात बोलणी झाली असणारच. पण टिळकांनी त्याला धर्म बदलायला लावला नाही. ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

आणि खुद्द टिळक कसे होते? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय. एका कामाला बाहेर पडावं आणि भलतंच करून परत यावं. खिशातले पैसे समोर येईल त्याला देऊन टाकावेत. क्षणात भडकावं, क्षणात विरघळावं. न सांगता उठून परगावी निघून जावं. म्हणजे त्या घराला असा एक माणूस आधीपासून सवयीचा होता. विसरण्यावरून, अर्धवट टाकलेल्या कामावरून तिथे कुणी कुणाला ‘वाया गेलेला’ ठरवत नसे. लक्ष्मीबाई रागवायच्या, आणि चांगल्याच रागवायच्या. पण त्यातून हसूही यायचं, आणि रागावून झालं की ताट वाढलेलं असायचं.

तुम्ही कागद घेऊन घरी गेलात की साधारण दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, हे सगळं खोटं, मोबाईल कमी कर. दुसरे म्हणतात, अरेरे, आता कसं होणार. टिळकांच्या घरानं तिसराच प्रकार केला. हा असा आहे हे धरून चालायचं आणि मग घर कसं चालेल ते बघायचं. ठोंबऱ्यांना तिथे कवितेचं काम करणारा वडीलधारा सोबती मिळाला. एकाच छताखाली दोघांचं लेखन, वाचन, वाद. एडीएचडी असलेल्या कितीतरी मुलांना आज हेच सुचवलं जातं. एकट्यानं अभ्यास होत नाही ना, मग कुणीतरी शेजारी आपलं काम करत बसू दे. त्यानं शिकवायचं नाही, लक्षही ठेवायचं नाही, नुसतं बसायचं. होस्टेलच्या खोलीत हे करायला पैसे लागत नाहीत.

दुसरं मिळालं ते आपल्यासारखं माणूस. कागद मिळाल्यावर बहुतेकांना आधी सुटल्यासारखं वाटतं. आपण आळशी नव्हतो तर! मग काही दिवसांनी राग येतो: दहावीपासूनच्या एटीकेट्या, खाल्लेला मार, ‘धांदरट’, ‘घुमा’, ‘शिष्ट’, ‘येडा’ ही नावं. हा राग डॉक्टरपेक्षा लवकर कळतो तो त्याच वाटेनं गेलेल्या कुणाला. असा एक जरी सीनियर सापडला तरी खूप झालं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. हा आधार एका घरापुरता होता. ठोंबऱ्यांनी नगरला मिशनच्या शाळेत काही काळ मास्तरकी केली, पुढे ते पुण्यात राहिले, गडकऱ्यांसारख्या कवींच्या सहवासात आले. पण एका जागी घडी बसली नाही. नोकरी टिकेना, पैसा टिकेना. लग्न लवकर झालेलं, पत्नी पार्वतीबाई. संसार सुखाचा झाला नाही हे सगळेच चरित्रकार लिहितात. लिहिताना ते कवीच्या बाजूनं उभे राहतात, म्हणून पार्वतीबाईंचाही विचार करा. ज्या मुलीला न विचारता या माणसाशी बांधलं, तिला कुणी काही समजावून सांगितलं होतं का? नवरा वेगळा आहे म्हणजे काय, रोजचं घर कसं चालवायचं, तिचं ओझं कोण उचलणार? आधाराची गरज एकट्या ठोंबऱ्यांना नव्हती.

त्या वर्षांत कविताही बदलली. ‘फुलराणी’ लिहिणारा माणूस ‘पारवा’ लिहू लागला. उदास, पोकळ दुपारच्या, कारण न सापडणाऱ्या दुःखाच्या कविता. मराठी समीक्षेनं या उदासीचं भरपूर कौतुक केलंय. कविता थोर आहेतच. पण कवी आहे म्हणजे दुःखी असणारच, ही समजूत आजूबाजूच्यांना फार सोयीची असते. मग कुणी विचारत नाही की बाबा, झोप लागते का, जेवलास का, चल, आज माझ्याकडे राहा. जळगावचे मित्र सोनाळकर यांच्यासारखी एखाददुसरी जिवाभावाची व्यक्ती होती, पण अशी माणसं विखुरलेली होती.

५ मे १९१८ ला भादलीला काय घडलं, यावर अजून वाद आहे. रूळ ओलांडताना झालेला अपघात म्हणणारे आहेत, वेगळा संशय घेणारेही आहेत. त्या वादात मी शिरत नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या मनात तसले विचार येत असतील, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आता आपल्या जिल्ह्याचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, सुरुवात तिथून करता येते. जाताना लहानपण आठवणाऱ्या घरच्या कुणाला बरोबर न्या, कारण मोठेपणी एडीएचडीचं निदान करतानाही खुणा वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होत्या का हे पाहतात. जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर तीही घ्या. ‘हुशार आहे पण लक्ष नाही’ असा गुरुजींचा शेरा कधी नव्हे तो कामाला येईल.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडची. तपासणीतले प्रश्न बहुधा मराठीत किंवा इंग्रजीत असतात. तुमच्या घरात पावरी असेल, भिली असेल, अहिराणी किंवा गुजरी असेल. धडगावहून आलेली मुलगी वर्गात गप्प बसते ते ऑटिझममुळे की भाषेमुळे, हे घाईत कळत नाही. उलटंही होतं. ‘पाड्यावरची आहे, लाजते’ म्हणून जिला वर्षानुवर्षं सोडून दिलं तिला खरंच मदतीची गरज असते. तेव्हा मला घरच्या भाषेत सांगायचंय असं डॉक्टरांना सरळ म्हणा आणि दुभाषा म्हणून बरोबरच्या माणसाला बसवा.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत प्रवेशाला पाच टक्के राखीव जागांचा हक्क लागू होतो, आणि परीक्षेतल्या सवलती मागता येतात. एडीएचडीचं नाव त्या यादीत वेगळं नाही. त्यामुळे फक्त एडीएचडी असेल तर प्रमाणपत्राच्या मागे धावून निराश होऊ नका. डॉक्टरांचं पत्र घेऊन विभागप्रमुखांना भेटा आणि नेमकं मागा: पहिल्या बाकावर जागा, तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, मोठ्या प्रोजेक्टला एकाऐवजी तीन तारखा. ‘मला समजून घ्या’ एवढंच म्हणून गेलात तर समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. औषध घ्यायचं की नाही हे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरवा, रूममेटच्या गोळीवर नाही.

ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्यात माणूस स्वतःतच बुडालाय असा आरोप आहे. तुम्हाला आवडत नसेल तर वापरू नका. स्वतःला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवायचं. घरच्यांना किती सांगायचं, कुणाला अजिबात नाही, हेही.

ठोंबरे गेल्यावर वर्षभरानं, ९ मे १९१९ ला टिळकही गेले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी छापून आलं. त्यात ठोंबरे आहेत, आणि ते मोठे कवी म्हणून कमी, घरातला पोरगा म्हणून जास्त दिसतात. पुस्तक तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत बहुतेक असेलच. मराठीच्या कपाटात, खालच्या फळीवर शोधा.