जोडणं आणि घडवणं : डॉ. वि. मा. घाटगे

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या! राइट बंधू आपण शाळेपासून घोकतोय, पण डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर पहिल्यांदा वाचलं. खरंच लाज वाटली.

त्यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावचा. पुढे जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली. हो, तेच बाउंडरी लेयरवाले प्रांटल. जो चॅप्टर आपण ऑप्शनला टाकतो, तोच!

१९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली आणि घाटगे तिथे रुजू झाले. १९४१ मध्ये तिथून पहिलं विमान उडालं, हार्लो पीसी-५. वैमानिकांना शिकवायचं दोन सीटचं ट्रेनर. आज हे विमान फार दुर्मिळ. पण ते डिझाइन अमेरिकन होतं, सुटे भाग तिकडून आणून इथे फक्त जोडलेले.

घाटगे जोडण्यावर थांबले नाहीत. त्यांनी दहा जणांना नेणारं ग्लायडर डिझाइन केलं. १९४२ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिक्सचा विभाग सुरू झाला, तिथे शिकवलंही. आणि हार्लोनंतर बरोबर दहा वर्षांनी, ऑगस्ट १९५१ मध्ये, त्यांचं एचटी-२ आकाशात गेलं. भारतात डिझाइन झालेलं पहिलं ट्रेनर! पूर्ण धातूचं, विद्यार्थी आणि शिक्षक एकामागे एक. कापड चढवलेल्या ब्रिटिश टायगर मॉथची जागा त्याने घेतली. दीडशेहून जास्त विमानं बनली, घानाच्या हवाई दलानेही १२ घेतली. पुढे किरण या जेट ट्रेनरचं डिझाइनही त्यांच्याच टीमने सुरू केलं. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले.

माझा रूममेट ग्रुप म्हणाला, एचटी-२ चं १५५ हॉर्सपॉवरचं इंजिन तर ब्रिटिशच होतं, मग आपलं काय? बरोबर आहे. पण पंख एवढाच का, शेपूट तिथेच का, याचं उत्तर आता बंगळूरच्या माणसांकडे होतं. हार्लोच्या वेळी ते अमेरिकेत होतं.

आमचा ग्रुप फायनल इयरचा प्रोजेक्ट बाजारातून रेडीमेड आणणार होता. हे वाचल्यावर बेत रद्द केला. आमचा प्रोजेक्ट कदाचित चालणार नाही. पण व्हायवात कुणी का असं विचारलं, तर निदान उत्तर आमचं असेल.