टांगा होता, हाकायला कोणी तयार नव्हतं! चाळीसगावात बाबासाहेबांसोबत काय घडलं?

धुळे : साल १९२९. चाळीसगाव स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे उभे होते. पाहुणे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकेत शिकलेले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले. तरी तासभर त्यांना स्टेशनावरच थांबावं लागलं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथे. वडील रामजी लष्करात सुभेदार होते. शाळेत भीमरावांना बाजूला गोणपाटावर बसावं लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने पाणी दिलं तरच तहान भागायची.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना कोणी अस्पृश्य मानलं नाही. १९१७ मध्ये परत आले आणि बडोद्यात नोकरी लागली, पण राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर लोक काठ्या घेऊन दारात आले. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन त्यांनी हक्क बजावला.

१९२९ मध्ये मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून ते खान्देशात फिरत होते. चाळीसगाव-धुळे लाइनीवरच्या एका गावात दलितांवर बहिष्कार टाकला होता. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला उतरले. वस्तीवरचे लोक हार घेऊन हजर होते. वस्ती दोन मैलांवर, नदीपलीकडे.

टांगेवाले अस्पृश्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. त्यात त्यांना कमीपणा वाटत होता. आपला बॅरिस्टर पायी चालत यावा, हे वस्तीवाल्यांना पटेना. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा माणूस तुमचा तुम्ही आणा. वस्तीतल्या ज्याने लगाम हाती धरला, त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता.

नदीवरच्या फरशीला कठडा नव्हता, कडेला फक्त दगड होते. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा घोड्यासकट नदीत कोसळला. त्यांच्या पायाचं हाड मोडलं. टांग्याची खरी गोष्ट त्यांना नंतर समजली.

टांगेवाला काही सावकार नव्हता, हातावर पोट असलेलाच माणूस. तरी जातीच्या जोरावर तो स्वतःला बॅरिस्टरपेक्षा मोठा समजत होता. शिक्षणाने माणूस वर येतो, पण समोरच्याच्या मनातली उतरंड तेवढ्याने मोडत नाही, हे बाबासाहेबांनी अंगावर सोसलं.

ही उतरंड फक्त आपल्याकडेच नव्हती. अमेरिकेत काळ्या लोकांच्या वाट्याला असंच जिणं आलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांना पत्र लिहिलं. दोन्हीकडच्या दुःखात साम्य आहे, असं त्यांनी त्यात कळवलं.

त्यांच्या नेतृत्वाखाली मसुदा तयार झालेलं संविधान २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं. त्यातलं १७ वं कलम अस्पृश्यता नष्ट करतं, ती पाळणं गुन्हा ठरवतं. बंधुता हा शब्द तर उद्देशिकेतच आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं दिल्लीत निधन झालं.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात ते ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामी होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला लोक तिथे जमतात. टांगे गेले, रिक्षा-जीपा आल्या. शेजारच्या सीटवर कोण बसलंय, हे जात न विचारता ज्या दिवशी चालेल, त्या दिवशी चाळीसगावचं ते भाडं फिटेल.