कॉडसाहेबांचा चौथा नियम

'टेबल' म्हटलं की हॉस्टेलवाल्यांना आधी मेसचं टेबल आठवतं आणि कॉम्प्युटरवाल्यांना डीबीएमएसचा पेपर! त्या पेपरात नॉर्मलायझेशनचा प्रश्न ठरलेला असतो. 'बॉईस-कॉड नॉर्मल फॉर्म' असं आपण छान अक्षरात लिहितो, पण हे कॉड कोण, असा विचार कोणी करत नाही. (बॉईस कोण, हाही नाही. ते पुढे येतीलच.) मी त्यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि माणूस भलताच इंटरेस्टिंग निघाला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द जरा जास्त येतात, तेवढं चालवून घ्या.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म 19 ऑगस्ट 1923 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शिक्षिका. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र घेतलं. मध्येच दुसरं महायुद्ध आलं, तेव्हा ब्रिटिश हवाई दलात पायलट म्हणून काम केलं. 1948 मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात पुरुषांचे कपडेसुद्धा विकले! मग आयबीएम कंपनीत गणिती प्रोग्रामर म्हणून लागले. पण 1953 साली, सिनेटर मॅकार्थी यांनी दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवून छळायचा सपाटा लावला होता, त्याला वैतागून हे सरळ कॅनडात निघून गेले. 1957 मध्ये परत आले. चाळिशी उलटल्यावर, 1965 साली, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली. आपल्याकडे त्या वयात लोक मुलांच्या ॲडमिशनच्या मागे असतात.

त्यानंतर ते कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम लॅबमध्ये आले आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. तेव्हाचे डेटाबेस झाडासारखे असायचे. समजा, कॉलेजखाली ब्रँच, ब्रँचखाली वर्ष, वर्षाखाली विद्यार्थी. आता हॉस्टेलच्या 12 नंबरच्या रूममध्ये कोण राहतं, एवढं साधं विचारायचं असलं तरी प्रोग्रामरने शेंड्यापासून एकेक फांदी धरून खाली उतरायचं. आणि कोणी झाडाची रचना बदलली की सगळे प्रोग्राम बोंबलले! कॉड यांनी जून 1970 मध्ये एक पेपर छापला. त्यात म्हणणं असं की माहिती साध्या टेबलांत ठेवा. काय हवं तेवढं माणसाने सांगावं, कसं शोधायचं ते मशीन बघेल. पेपर फार मोठा नाही, पण सगळा गणिताने भरलेला.

आता वाटेल की कंपनीने त्यांना डोक्यावर घेतलं असेल. उलट झालं. आयबीएमचा जुन्या पद्धतीचा आयएमएस हा डेटाबेस जोरात खपत होता, मग चालत्या दुकानाशेजारी स्वतःच दुसरं दुकान कोण टाकेल? कॉड गप्प बसले नाहीत. त्यांनी कंपनीच्या ग्राहकांनाच आपली कल्पना पटवली आणि ग्राहकांनी कंपनीला धरलं. 1974 मध्ये जुन्या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते चार्ल्स बाकमन यांच्याशी त्यांचा जाहीर वादही झाला. शेवटी 'सिस्टम आर' नावाचा प्रोजेक्ट निघाला, पण त्याची भाषा कॉड यांची नव्हती. ती डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी बनवली, तीच आपली एसक्यूएल. (बॉईस 1974 मध्येच, अगदी तरुणपणी वारले.) ह्या सगळ्या गडबडीत 1979 साली लॅरी एलिसन यांच्या कंपनीने ऑरॅकल बाजारात आणला, आणि आयबीएम मागे राहिली. कॉड यांना 1981 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.

तोवर रिलेशनल शब्दाला भाव आला होता. जुन्याच मालावर नवं लेबल लावून विकणारे वाढले, म्हणून 1985 मध्ये कॉड यांनी बारा नियम प्रसिद्ध केले. मोजायला गेलं तर ते तेरा भरतात, कारण त्यांनी शून्यापासून सुरुवात केली! त्यातला मला सगळ्यात आवडलेला चौथा. डेटाबेसमध्ये कोणती टेबलं आहेत, कुठल्या टेबलात कोणते कॉलम आहेत, ही माहितीसुद्धा टेबलांमध्येच असली पाहिजे, आणि ज्याला परवानगी आहे त्याला ती नेहमीच्याच क्वेरीने विचारता आली पाहिजे. म्हणजे डेटाबेसने स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची.

नुसतं वाचून मला ह्याचं महत्त्व कळलं नसतं. आमचा ग्रुप सध्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांसाठी एक वेब ॲप्लिकेशन करतोय. सूतखरेदी, चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी, कामगारांचा पगार वगैरे. सॉफ्टवेअर एक, कारखाने अनेक. ह्याला म्हणतात मल्टी-टेनंट. टेनंट म्हणजे भाडेकरू! प्रत्येक भाडेकरूला वेगळी इमारत द्या, म्हणजे वेगळा डेटाबेस. नाहीतर एकाच वाड्यात वेगवेगळ्या खोल्या, म्हणजे ज्याची त्याची स्कीमा. किंवा सगळ्यांना मिळून एकच हॉल आणि प्रत्येक ट्रंकेवर मालकाचं नाव, म्हणजे टेबल एकच, पण प्रत्येक ओळीत टेनंटचा नंबर. एकाने टॉवेल काय भावाने दिला हे शेजारच्या कारखानदाराला दिसलं, तर सॉफ्टवेअर राहू दे, आमचंच त्या रस्त्याला जाणं बंद होईल.

कोड आधीच्या बॅचने सुरू केलेला, आणि सोबत एक कागद नाही. मग डेटाबेसलाच विचारलं. आम्ही पोस्टग्रेस वापरतो. त्यात 'इन्फर्मेशन स्कीमा' नावाचा भाग असतो, जो 1992 च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये आला. (ऑरॅकलमध्ये तो नाही, तिथे स्वतःची वेगळी डिक्शनरी आहे.) तिथून सगळ्या कॉलमांची यादी काढून दोन प्रश्न विचारले. हॉलमधल्या कुठल्या टेबलात टेनंटचा नंबरच नाही? आणि बाकीच्या खोल्यांत असलेला एखादा कॉलम कुठल्या खोलीत नाही? पहिल्या यादीत सुताचे काउंट आणि जीएसटीचे दर आले, ते सगळ्यांसाठी सारखेच, ठीक. पण व्यापाऱ्यांच्या फोन नंबरांचं टेबलही त्यातच निघालं! दुसऱ्या यादीत एक खोली जुन्याच रचनेवर राहिलेली सापडली.

इथे एक गंमत आहे. पोस्टग्रेसची इन्फर्मेशन स्कीमा टेबलांची यादी देताना आपल्याला ज्यावर हक्क आहे तेवढीच टेबलं दाखवते, अगदी कॉड यांच्या अटीप्रमाणे. पण त्याखाली त्याचा स्वतःचा आतला कॅटलॉग असतो. तिथे साधं लॉगिन असलेल्यालाही सगळ्या स्कीमांची आणि टेबलांची नावं वाचता येतात. आतला डेटा नाही, पण नावं येतात. आमच्या स्कीमांना कारखान्यांचीच नावं दिलेली होती. आता नंबर दिले आहेत.

कॉड यांनी 1984 मध्ये आयबीएम सोडली आणि सहकारी ख्रिस डेट यांच्यासोबत सल्लागार कंपनी काढली. एसक्यूएलवर ते शेवटपर्यंत खूश नव्हते. एकाच टेबलात दोन हुबेहूब सारख्या ओळी चालतात, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं. 18 एप्रिल 2003 रोजी फ्लोरिडात वयाच्या 79 व्या वर्षी ते वारले. त्यांचे तेराच्या तेरा नियम बाजारातल्या कुठल्याच मोठ्या डेटाबेसने तोवर पूर्ण पाळले नव्हते. बहुतेकांचं घोडं अडतं ते सहाव्यापाशी, व्ह्यू अपडेटच्या. (व्हायवाला हमखास विचारतात.)