लहरींचा शोध : हान्स बर्गर

मानसशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने ज्यांच्या चरित्राने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले, ते म्हणजे मेंदूच्या विद्युत्-आलेखाचे जनक हान्स बर्गर.

१८७३ साली जर्मनीतील कोबुर्गजवळ त्यांचा जन्म झाला. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याच्या चाकाखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी, दूर घरी असलेल्या बहिणीच्या मनाला हुरहूर लागली म्हणून वडिलांची तार आली! एका मनाचे भय दुसऱ्या मनाला कळले कसे, या प्रश्नाने त्यांना झपाटले. खगोलशास्त्राचा नाद सोडून ते वैद्यकाकडे वळले.

१८९७ पासून येना येथील मनोरुग्णालयात त्यांनी मेंदूतील रक्ताभिसरण मोजले, तापमान मोजले; पण मनाची शक्ती काही हाती लागेना. अखेर ६ जुलै १९२४ रोजी मानवी मेंदूतील क्षीण विद्युत्-लहरी त्यांनी टिपल्या. पाच वर्षे पडताळा घेऊन १९२९ साली ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे १० लहरी उठतात आणि डोळे उघडताच त्या मावळतात, हे त्यांनी दाखविले. प्रारंभी कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी दुजोरा दिला.

लहर म्हणजे असंख्य पेशींनी एकाच तालात काम करणे. बर्गर यांच्यानंतर हा ताल मेंदूत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्येही सापडला. १९५३ साली एका अमेरिकन रुग्णाच्या हिप्पोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा बराच भाग काढल्यावर त्याला नव्या आठवणी साठविता येईनात. पुढे उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की दिवसा ज्या क्रमाने तेथील पेशी चेतल्या, त्याच क्रमाने त्या झोपेत, शीघ्र लहरींच्या वेळी, पुन्हा चेततात. २००९ साली पॅरिसच्या संशोधकांनी या लहरी खंडित केल्या, तेव्हा उंदीर शिकण्यात मागे पडले. आठवण पक्की होते ती या तालातून!

परंतु चरित्र येथे संपत नाही. नाझी राजवटीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा निर्णय देणाऱ्या येना येथील न्यायालयात बर्गर सदस्य होते. १ जून १९४१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

बहिणीच्या हुरहुरीसाठी आयुष्य वेचणाऱ्याला परक्यांचे दुःख कळले नाही. मला वाटते, स्मृतीच्या अभ्यासकांनी त्यांच्याविषयीच्या या दोन्ही गोष्टी स्मरणात ठेवाव्यात.