रविवारच्या विसाव्याचे शिल्पकार : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख हा कापसाचा मुलूख होय. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वर्धा-हिंगणघाटकडील कापूस मुंबईच्या वाटेला लागला. त्यातील बराचसा बोटीने विलायतेस गेला, तर काही मुंबईच्या गिरण्यांत उतरला. तेथे सूत काढणारे हातही मुंबईचे नव्हते. कोकणातून, साताऱ्याकडून पोटासाठी घर सोडून आलेल्या शेतकऱ्यांचे ते हात होते. आपल्या शेतातील बोंड आणि त्या परमुलखी कष्टकऱ्यांचा घाम यांचे नाते जुने आहे. म्हणूनच त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. बेताच्या परिस्थितीत शालेय शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी येथील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तेथेच त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. दिवस उगवताना सुरू झालेले काम मावळतीलाच थांबे. उन्हाळ्यात तर तेरा-चौदा तास भरत. पगार वेळेवर मिळण्याची शाश्वती नसे आणि यंत्रात हात गेला तर माणूस कायमचा घरी बसे. आठवड्याच्या सुटीचा नियम नव्हता. कित्येक गिरण्यांत रविवारही यंत्रांच्या साफसफाईत जाई.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे लोखंडे हे निष्ठावंत कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. गिरणीतील दुःखांना त्या पत्रामुळे वाचा फुटली.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडे यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, ठरलेल्या तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, अशा साध्या मागण्या त्यात होत्या. त्याच सुमारास ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. भारतातील कामगार चळवळीचा आरंभ येथून मानला जातो. सभासदांची नोंदवही, वर्गणी वा निधी या संघटनेपाशी नव्हता, म्हणून काही अभ्यासक तिला आजच्या अर्थाने युनियन मानत नाहीत. तथापि, ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, नोकरी गेली तर परतीच्या वाटेशिवाय काही उरत नव्हते, अशांनी एकत्र येऊन आपले गाऱ्हाणे मांडावे, हेच त्या काळी धैर्याचे होते.

हे काम सोपे नव्हते. विलायतेतील गिरणीमालकांनाही हिंदुस्थानच्या गिरण्यांवर कायद्याचे बंधन हवे होते, पण ते आपल्या मालाच्या स्पर्धेपोटी. त्यामुळे कामगारांच्या बाजूने बोलणारा माणूस परक्यांना साहाय्य करतो, असा संशय घेणे सोपे होते. लोखंडे त्याने डगमगले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुटीला स्थान मिळाले.

हा लढा एकाकी नव्हता. त्याच १८९० च्या मे महिन्यात युरोप-अमेरिकेतील कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले होते. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे कामगारांचा संघटित होण्याचा हक्क आणि पवित्र दिवसाचा विसावा यांचा पुरस्कार केला. मुंबईच्या गिरणगावात रविवार हा अनेकांच्या दृष्टीने खंडोबाचा वार होता, ख्रिस्ती कुटुंबांसाठी तो प्रभूचा दिवस होता. श्रद्धा वेगळ्या असल्या तरी थकलेल्या देहाची गरज एकच होती.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा लोखंडे सलोख्यासाठी झटले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. अनेकजण शहर सोडून गेले, लोखंडे मात्र रुग्णांच्या सेवेत राहिले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आज केळझरच्या रस्त्यानेच बुटीबोरीच्या कारखान्यांकडे माणसे जातात. त्यात गावचे तरुण असतात, तसेच परप्रांतातून आलेले मजूरही. कायद्याने सुटी मिळून शतक उलटले. परंतु रोजंदारीवरच्या माणसाने एक दिवस विसावा घेतला की त्या दिवसाची चूल पेटण्याची चिंता त्याला पडते. वीटभट्टीवर, बांधकामावर, शेतात आणि आपल्या घरी राबणाऱ्यांना सुटी असते काय, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावा. रविवारी आपण निवांत बसतो, तेव्हा ज्याला तो निवांतपणा लाभत नाही त्याची आठवण ठेवणे आणि त्याला मजुरीसह एक दिवस देणे, हीच लोखंडे यांना खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.