सेसिल डीमिल व त्यांचे शास्त्रकथांचे मूकपट

अमेरिकेंतील ॲशफील्ड गांवीं ता. १२ ऑगस्ट १८८१ रोजीं सेसिल डीमिल ह्यांचा जन्म झाला. वडील नाटकें लिहीत, परंतु रात्रीं मुलांस पवित्र शास्त्र वाचून दाखविण्याचा त्यांचा नेम होता. आई यहूदी कुळांतील. १८९३ सालीं वडील वारले, तेव्हां मातोश्रींनीं मुलींची शाळा काढून संसार सावरला. सेसिल प्रथम नट झाले, पण त्यांत त्यांचें नांव झालें नाहीं. १९१३ च्या अखेरीस ते हॉलिवुडला जाऊन चित्रपट काढूं लागले.

१९२३ सालीं त्यांनीं ‘दहा आज्ञा’ हा मूकपट काढिला. कॅलिफोर्नियांतील ग्वाडलूप गांवाजवळ, समुद्रकांठच्या वाळूंत, फारोचें नगर उभें केलें. त्याची वेस सुमारें ११० फूट उंच होती. तांबडा समुद्र दुभागण्याची युक्ति तर मोठी गमतीची. जेलीच्या दोन भिंती वितळून एकत्र होतांना त्यांचें चित्र घेतलें व तीच फीत उलटी फिरविली. युक्ति ठाऊक असूनही आजचा प्रेक्षक तेथें थबकतोच. उत्तरार्धांत दोघां आधुनिक भावांची गोष्ट आहे. त्यांतील एक भाऊ कंत्राटदार; तो मंदिराच्या बांधकामांत सिमेंट कमी घालितो, आणि तीच भिंत त्याच्या आईच्या अंगावर कोसळते. हा भाग बराच लांबला आहे. काम संपल्यावर फारोचें नगर वाळूंतच पुरलें. २०१७ सालीं तेथें उकरतांना एका पुतळ्याचें प्लास्टरचें डोकें निघालें.

पुढें १९२७ सालीं प्रभु येशूच्या चरित्रावर ‘राजांचा राजा’ हा मूकपट निघाला. एच. बी. वॉर्नर हे प्रभूच्या भूमिकेंत होते. ते पन्नाशीला आलेले होते, हें पाहणाऱ्यास जाणवतें. चित्रण चालू असतां त्यांनीं इतरांत मिसळूं नये, वेगळें जेवावें, अशी डीमिल ह्यांची शिस्त होती. असें असूनही चित्रपटाचा आरंभ मग्दालीया मरीयेच्या विलासी मेजवानीनें होतो. झेब्रे जुंपलेल्या रथांत बसून ती आपल्या प्रियकराच्या, म्हणजे यहूदा इस्कर्योताच्या, शोधास निघते! शुभवर्तमानांत ह्याला तिळमात्र आधार नाहीं. पाप दाखवून गर्दी जमवावी व मग उपदेश करावा, ही डीमिल ह्यांची नेहमींची रीत. ती आम्हांस पटत नाहीं.

ह्याहून मोठा दोष कयफाच्या चित्रणांत आहे. तो द्रव्यलोभी दाखविल्यामुळें यहूदी लोक दुखावले. त्यांच्या संस्थांनीं हरकत घेतल्यावर डीमिल ह्यांनीं कांहीं फेरफार केले व सर्व दोष एकट्या कयफावर ठेविला. कयफाचें काम करणारे रूडॉल्फ शिल्डक्राउट स्वतः यहूदी होते. यहूदी मातेच्या पुत्रास ही जखम अगोदरच दिसावयास हवी होती. आज तो भाग पाहतांना मन अस्वस्थ होतें.

तरी मंडळ्यांनीं व मिशनऱ्यांनीं हा चित्रपट पुष्कळ वर्षें दाखविला. मूकपट असल्यामुळें, मधल्या पाट्या बदलल्या कीं तो कोणत्याही भाषेंत चाले.

१९५६ सालीं डीमिल ह्यांनीं ‘दहा आज्ञा’ पुनः बोलपटरूपानें काढिला. ता. २१ जानेवारी १९५९ रोजीं ते वारले.

वाचकहो, ‘राजांचा राजा’ पाहण्याची संधि आल्यास मेजवानी पाहून उठून जाऊं नका. थोड्या वेळानें एक आंधळी मुलगी प्रभूकडे आणिली जाते. तोंवर प्रभूचें मुख आपणांस दाखविलेलेंच नसतें. तें आपण तिच्याच डोळ्यांनीं पाहतों. प्रथम काळोख, मग प्रकाशाची तिरीप, आणि हळूहळू तींतून प्रभूची मुद्रा.