जाहिरातकला शिकूनही बाजारापासून दूर. कोण होते चाळीसगावचे केकी मूस?

जळगाव म्हटले की मेहरूणची बोरे, केळी आणि सोने आठवते. याच जिल्ह्यातल्या चाळीसगावात एका कलावंताने जवळपास ५० वर्षे एका घरात राहून कलासाधना केली. ते म्हणजे कलामहर्षी केकी मूस.

मुंबईचा मुलगा चाळीसगावात कसा?

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत पारशी कुटुंबात झाला. आईवडील चाळीसगावात व्यवसाय करत. मुलाने दुकान सांभाळावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे होता. मुंबईच्या विल्सन कॉलेजनंतर ते इंग्लंडला गेले आणि शेफील्डच्या बेनेट कॉलेजमधून कमर्शियल आर्ट शिकले.

कमर्शियल आर्ट म्हणजे काय?

जाहिराती, पोस्टर, वेष्टने यांसाठी केलेली कला. वस्तू कशी मांडायची, प्रकाश कुठून द्यायचा, पाहणाऱ्याची नजर कुठे थांबवायची, हे त्यात शिकवतात. अशा शिक्षणाला मुंबईत काम मिळाले असते. तरीही १९३० च्या दशकाच्या अखेरीस परतल्यावर मूस यांनी चाळीसगाव निवडले.

शिकलेले वाया गेले का?

नाही. तेच कौशल्य त्यांनी विक्रीऐवजी निर्मितीसाठी वापरले. चित्रे, शिल्पे, कागदाच्या घड्यांची कला असे बरेच काही त्यांनी केले. मोठे नाव झाले ते टेबलटॉप छायाचित्रणामुळे. यात टेबलावरच छोटे जग उभे करतात. काटकीचे झाड होते, पिठाचे बर्फ होते. कॅमेरा जवळ ठेवून दिव्याचा प्रकाश नेमका साधला, की फोटोत खरेखुरे दृश्य दिसते. संगणक नसलेल्या काळातली ही करामत. देशविदेशातील स्पर्धांत त्यांना अनेक पुरस्कार मिळाले.

घराबाहेर का पडत नसत?

मुंबईहून येणाऱ्या प्रेयसीची ते पंजाब मेलच्या वेळी रोज वाट पाहत, ही कथा खान्देशात घरोघरी सांगितली जाते. या काळात ते एक-दोनदाच बाहेर पडले, त्यातले एकदा विनोबा भावे यांचा फोटो घेण्यासाठी स्टेशनवर गेले, असेही सांगतात. कारण काहीही असो, या एकांताची किंमत मोठी होती. महानगरातली ओळख आणि बाजार दुरावला. पण काय करायचे आणि किती वेळ घ्यायचा, हे ठरवणारा ग्राहक डोक्यावर नव्हता.

आज काय उरले आहे?

३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. रेल्वे स्टेशनजवळचे त्यांचे घर आता कलादालन आहे. जुने फोटो आणि कागद ऊन, दमट हवा आणि धुळीने खराब होतात. त्यामुळे जतनाचे काम कधीच संपत नाही. मुंबई-भुसावळ मार्गावरून रोज हजारो प्रवासी चाळीसगावातून पुढे जातात. त्यांनी एकदा इथे उतरावे, एवढा मोठा ठेवा या घरात आहे.